मार्क हातात घ्या आणि महिनाभर सोडू नका

जय ख्रिस्त. आमच्या घरगुती सभेत नवीन आलेली पोरंपोरी मला एकच गोष्ट विचारतात, काका बायबल वाचायचं तर आहे पण सुरुवात कुठून करू, आणि वाचलेलं लक्षात राहत नाही त्याचं काय करू. दर वेळी थोडं थोडं सांगितलं जातं आणि अर्धं राहून जातं म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकतो. मी पाळक नाही, बायबल कॉलेजला गेलेलो नाही. भुसावळला रेल्वेत शिफ्ट ड्युटी, सासुरवाडी नवापूर तालुक्यात, आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी आठ-दहा जण वचनाला बसतात, एवढंच. पण याच गोष्टीने माझं घर वाचवलं म्हणून मनापासून सांगतोय.

आधी मी काय चुकत होतो ते सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत दरवर्षी ठरवायचो की या वर्षी पूर्ण बायबल. बायबलमध्ये ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन-साडेतीन अध्याय. एक जानेवारीला उत्पत्ति जोरात सुरू, योसेफाच्या गोष्टीपर्यंत मजा यायची, निर्गमात समुद्र दुभंगायचा, मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली की वेग कमी व्हायचा आणि फेब्रुवारीत लेवीय, म्हणजे यज्ञांच्या आणि याजकांच्या नियमांचं पुस्तक, आलं की संपलं. रात्रपाळी करून आल्यावर एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सात अध्याय, मग दहा, मग पुस्तक कपाटावर. आणि मनात एक अपराधी भावना वर्षभर. असं मी सलग सहा-सात वर्षं केलं. एका वर्षी तर पूर्णही झालं, डिसेंबरमध्ये प्रकटीकरणाचा बावीसावा अध्याय वाचून आमेन म्हटलं, आणि त्याच वर्षी शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद झालेलं होतं. ११८९ अध्याय डोळ्यांखालून गेले पण भावाचा नंबर काही लावला नाही. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की वाचणं आणि शिष्य होणं यात काहीतरी अंतर राहतंय.

आपल्याकडे शिष्य हा शब्द सगळ्यांना कळतो, गुरूजवळ राहून शिकणारा तो शिष्य. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एकात, तिसऱ्या अध्यायात प्रभू येशूने बारा जण नेमले तिथे पहिलं कारण काय दिलंय बघा (३:१४), त्यांनी त्याच्याबरोबर असावं. प्रचाराला पाठवणं नंतर येतं. आणि योहान ८:३१ मध्ये प्रभू म्हणतो की माझ्या वचनात राहाल तर खरे माझे शिष्य आहात. राहाल, हा शब्द धरा. माणूस घरात राहतो, स्टेशनवरून नुसता जातो. मी बायबलमधून दरवर्षी एक्सप्रेस गाडीसारखा जात होतो, राहत कुठेच नव्हतो.

तर आता कसं करायचं ते.

एकच पुस्तक घ्या, आणि पहिलं पुस्तक मार्क घ्या. १६ अध्याय, चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, भाषा धावती, एक घटना संपते तोच लगेच दुसरी. पहिल्या दिवशी सुट्टीच्या वारी बसून पूर्ण वाचून काढा, मोठ्याने वाचलं तरी दीड-दोन तासांत होतं. समजलं नाही तिथे थांबू नका, फक्त गोष्ट कुठून कुठे जाते ते बघा. तुमच्या लक्षात येईल की आठव्या अध्यायात पेत्र म्हणतो तू ख्रिस्त आहेस, आणि तिथून पुढे प्रभू पुन्हा पुन्हा आपल्या दुःखसहनाचं आणि मरणाचं बोलायला लागतो आणि वाट यरुशलेमकडे वळते. हा सांगाडा एकदा डोक्यात बसला की मधली कुठलीही गोष्ट वाचताना आपण कुठे आहोत ते कळतं. मग दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धा अध्याय. महिन्याभरात पुस्तक संपतं. घाई नाही. एखादा दिवस चुकला तर जिथे होतात तिथूनच पुढे, दुप्पट वाचून भरपाई करायची नाही, कालची भाकरी आज डबल खाऊन भरून निघत नाही.

कोणतं भाषांतर घ्यावं यावर लोक खूप अडतात. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र बहुतेक मंडळ्यांत चालतं, उपासनेत तेच वाचलं जातं, ते घरात असावंच. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं दुसरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी तर याच कारणासाठी इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षं भाषांतराला दिली, साध्या बायाबापड्यांना कळेल असं मराठी असावं म्हणून, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं केलं. एका बाईने एवढं केलंय आपल्यासाठी, आपण रोज वीस मिनिटं काढू शकतो. फोनवर यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप फुकट आहे, त्यात मराठी भाषांतरं मिळतात. पण माझं स्पष्ट मत, सकाळचं वाचन छापील पुस्तकातून करा, फोन उघडला की आधी मेसेज दिसतात. अ‍ॅप प्रवासात वापरा.

आणखी एक छोटी गोष्ट जी मला फार उशिरा कळली. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पाडले आणि नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागातल्या, वचनांना आज आहेत ते आकडे १५५१ साली एका छपाईवाल्याने दिले. आकडे शोधायला उत्तम, पण विचार आकड्यापाशी संपतो असं समजू नका. कुठे थांबायचं ते गोष्ट संपते तिथे ठरवा.

आता प्रत्यक्ष वाचायचं कसं. एक वही करा, साधी शाळेची दोनशे पानी. प्रार्थना करून बसा, मोठी नको, प्रभू बोल मी ऐकतोय एवढी पुरे. मग तो भाग दोनदा वाचा, एकदा मोठ्याने. आणि वहीत तीन गोष्टी लिहा: इथे काय घडलं, यातून देव कसा आहे हे कळलं, आणि मी काय करणार. आमच्याकडे काही जण मराठी वाचतात पण विचार अहिराणीत करतात, त्यांना मी सांगतो पुस्तक मिटा आणि "आठे काय व्हयनं" ते घरच्या भाषेत सांगा. जे आपल्या बोलीत सांगता येत नाही ते अजून कळलेलं नसतं. सासुरवाडीला हेच तिथल्या मावची बोलीत चालतं आणि तिथल्या म्हाताऱ्या बाया, ज्यांना अक्षर येत नाही, त्या एकदा ऐकून इतकी बिनचूक गोष्ट सांगतात की वाचणाऱ्यांना पुन्हा पुस्तक उघडून बघावं लागतं.

उदाहरणाने सांगतो, मार्क २:१ ते १२. कफर्णहूममध्ये प्रभू घरात आहे, गर्दी इतकी की दारातसुद्धा जागा नाही, चौघे जण एका पक्षाघाती माणसाला घेऊन येतात आणि वरून छप्पर काढून त्याला बाजेसकट खाली सोडतात. शहरातल्या स्लॅबच्या घरात राहणाऱ्याला ही गोष्ट अवघड वाटते, छत कसं काय काढलं. पण ज्याने खान्देशातलं धाब्याचं घर बघितलंय त्याला समजावून सांगायची गरजच नाही, लाकडी सऱ्या, त्यावर काड्या, त्यावर मातीचा थर, उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळतात आणि रात्री माणसं झोपतात. तिकडची घरंही अशीच सपाट मातीच्या छताची होती आणि वर जायला बाहेरून जिना असायचा. आता असं धाबं खणलं तर खाली काय होईल? माती पडेल, सगळ्यांच्या डोक्यावर, बोलणाऱ्या प्रभूच्या अंगावरसुद्धा. घरमालक ओरडला असेल. नंतर ते छप्पर कोणीतरी नीट केलं असेल, त्याला पैसे लागले असतील. हे मार्कने लिहिलेलं नाही, हा माझा अंदाज, आणि वहीत मी अंदाजापुढे प्रश्नचिन्ह करतो. लिहिलेलं वेगळं आणि आपल्याला वाटलेलं वेगळं, ही रेघ कायम ठेवा, इथे निष्काळजीपणा केला की माणूस हळूहळू स्वतःचंच म्हणणं देवाचं म्हणून सांगायला लागतो.

मग जे लिहिलंय ते बारकाईने बघा. पाचव्या वचनात प्रभूने कोणाचा विश्वास बघितला? त्यांचा. आजाऱ्याने काही मागितल्याचं लिहिलेलंच नाही. आणि पहिलं वाक्य बरं हो असं नाही, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे असं. शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे शिक्षक, मनात म्हणतात की देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो, आणि त्यांचा प्रश्न बरोबरच आहे, उत्तर त्यांच्या समोर बसलंय. मग प्रभू त्या माणसाला उठवतो ते कशासाठी, तर मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करायचा अधिकार आहे हे कळावं म्हणून. म्हणजे ही नुसती आजार बरा झाल्याची साक्ष नाही, हा येशू कोण आहे हे सांगणारी गोष्ट आहे. हे दुसऱ्या ओळीत लिहायचं.

तिसरी ओळ सगळ्यात अवघड. मी विश्वासात वाढेन, मी प्रेम करेन असलं लिहू नका, ते कधी झालं आणि कधी नाही ते कळत नाही. कोण, काय, कधी हे लिहा. त्या आठवड्यात आमच्या गटाने लिहिलं की आपल्यातल्या एकाच्या शेजाऱ्याचा पाय मोडून तो घरी पडलाय, त्याला बुधवारी ड्रेसिंगला जळगावला न्यायचं, आणि चौघांनी वाटून घ्यायचं, एकाची गाडी, एकाचं पेट्रोल, एकाने सोबत बसायचं, एकाने त्याच्या ढोरांना चारापाणी. तो माणूस ख्रिस्ती नाही, आम्ही त्याला काही प्रचारही केला नाही. पण त्या बुधवारनंतर मार्कचा दुसरा अध्याय आमच्यातला कोणी विसरलेला नाही. लक्षात राहत नाही त्याचं काय करू, असं जे विचारतात त्यांना माझं हेच उत्तर आहे, केलेलं लक्षात राहतं. याकोब १:२२ ते २५ मध्ये आरशाचा दाखला आहे, ऐकून न करणारा माणूस आरशात तोंड बघून जातो आणि आपण कसे दिसतो ते लगेच विसरतो. विसरण्याचं कारण तिथे सरळ दिलंय.

असंच वाचत वाचत मी अकराव्या अध्यायाला आलो. ११:२५, तुम्ही प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. हे वचन मी आधी कितीदा वाचलं होतं, पण रोज तीन-चार अध्याय पळवताना ते मागे पडायचं. या वेळी त्या दिवशी वाचायला एवढंच होतं, आणि तिसरी ओळ लिहायची होती. कोण, काय, कधी. पेन हातात धरून बसलो होतो. चार दिवस ती ओळ रिकामी राहिली आणि मी पुढे वाचलं नाही, कारण पुढे जाणं म्हणजे पुन्हा पळणंच होतं. पाचव्या दिवशी भावाला फोन लावला. बांधाचा प्रश्न त्या फोनवर सुटला नाही, मोजणी नंतर झाली, दोन हात जमीन मला सोडावी लागली. पण आईच्या वर्षश्राद्धाची तारीख असते त्या दिवशी आता आम्ही एका ताटात जेवतो.

एका वचनाला उचलून धरण्याबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे, कारण आपल्या मंडळ्यांत हे फार आहे. नव्या वर्षाचं वचनाचं कार्ड, मोबाईलवर रोजचं वचन, वाईट काहीच नाही, पण तेवढ्यावर जगता येत नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घ्या, तुमच्यासाठी मी केलेले संकल्प हिताचे आहेत, हे वचन आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या भिंतीवर आहे. आता अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा अध्याय सलग वाचा. यहुदी लोक बाबेलात, परक्या राजाच्या देशात, बंदिवान. हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो दोन वर्षांत सगळं परत येईल, लोकांना ते गोड वाटतं. यिर्मया पत्र लिहून कळवतो की नाही, सत्तर वर्षं. घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं बघा, त्यासाठी प्रार्थना करा. अकरावं वचन या पत्रात येतं. म्हणजे ऐकणाऱ्यातले बरेच जण परतीचा दिवस बघायला जिवंतसुद्धा राहणार नव्हते, आणि तरी देव म्हणतो माझे संकल्प हिताचे. हे कळल्यावर वचन लहान होत नाही, कितीतरी मोठं होतं. आपल्याकडचे किती लोक पोटासाठी सुरतला जाऊन राहिलेत, उधन्याला, लिंबायतला, मनाने कायम गावाकडे. त्यांना हे पूर्ण पत्र वाचून दाखवा, नुसतं कार्ड देऊ नका. म्हणून नियम साधा, कुठलंही वचन आवडलं की त्याच्या आधीची वीस आणि नंतरची वीस वचनं वाचायची, आणि हे कोणी कोणाला कधी सांगितलं ते शोधायचं.

एकट्याने वाचू नका. म्हणजे सकाळी एकट्यानेच वाचायचं, पण आठवड्यातून एकदा कोणासोबत तरी बसायचं, दोघं असले तरी चालेल. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये तो कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात बसून यशया वाचतोय, फिलिप्प विचारतो जे वाचता ते समजतं का, आणि तो एवढा मोठा माणूस म्हणतो कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल, आणि त्याला वर येऊन शेजारी बसायला सांगतो. आमच्या शनिवारच्या बैठकीत सगळ्यात आधी एकच प्रश्न असतो, मागच्या आठवड्याच्या तिसऱ्या ओळीचं काय झालं. झालं नसेल तर नाही झालं म्हणायचं, कोणी रागावत नाही, त्यासाठी प्रार्थना करतो आणि तीच ओळ पुढच्या आठवड्याला. या एका प्रश्नाशिवाय बायबल स्टडी नुसती माहिती होते. आणि बोलण्यात एकानेच दोर धरायचा नाही, विशेष करून आम्ही जुन्या लोकांनी. नवीन सुनेने किंवा दहावीतल्या पोराने विचारलेला प्रश्न कधी कधी सगळ्यांना हलवून जातो.

संदेशांचे व्हिडिओ आणि टीकाग्रंथ, म्हणजे बायबलचा अर्थ समजावणारी पुस्तकं, नंतर. आधी स्वतः वाचा, वहीत लिहा, मग ऐका आणि ताडून बघा. बिरुया शहरातल्या लोकांनी प्रेषित पौलाचंसुद्धा म्हणणं रोज शास्त्रात शोधून बघितलं (प्रेषितांची कृत्ये १७:११), आणि त्यांना तिथे थोर मनाचे म्हटलंय, उद्धट म्हटलेलं नाही. अडलेल्या जागा वहीच्या मागच्या पानावर लिहून पाळकांना विचारा, त्यांनाही बरं वाटतं कोणी असं विचारलं की.

पाठांतर जरूर करा, पण सुटी सुटी वचनं कमी आणि सलग भाग जास्त. मी कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवतो, जेवताना दोन ओळी. कापूस वेचणाऱ्या आमच्या एक ताई आहेत, त्यांनी अख्खं स्तोत्र २३ चालीत बसवलंय आणि एका ओळीला एक सरी असं म्हणत जातात.

रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण ते माझं रोजचं आहे. पहाटेच लवकर उठून वाचलं पाहिजे असं बायबलमध्ये कुठेही सक्तीने लिहिलेलं नाही. ड्युटीवरून आल्यावर डोळे मिटत असतील तर झोपा. उठल्यावर चहाच्या आधी बसा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला जातो, दुपारी डोकं चालत नाही, तेव्हा रात्री गच्चीवर बसून वाचतो. वेळ बदलली तरी जागा आणि वही तीच ठेवा, त्याने फार फरक पडतो.

मार्क संपला की फिलिप्पैकरांस पत्र घ्या, चारच अध्याय, पौल तुरुंगातून लिहितोय हे लक्षात ठेवून. मग उत्पत्ति आणि निर्गमाचे पहिले वीस अध्याय, सावकाश. मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये पाठोपाठ, कारण दोन्ही एकाच लेखकाने थियफिलाला लिहिलेली आहेत आणि एक संपतं तिथून दुसरं सुरू होतं. रोज झोपताना एक स्तोत्र असलं तर उत्तम. लेवीय तेव्हा वाचा जेव्हा इब्री लोकांस पत्र सोबत वाचाल, मग ते कोरडं वाटत नाही, यज्ञ आणि याजक कशासाठी होते ते उलगडतं.

दिवाळीनंतर आमच्यातली दोन घरं ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्यातच परत येतात. गेल्या वर्षी जाताना त्यांना मार्कची ऑडिओ फोनमध्ये भरून दिली आणि ठरवलं की रविवारी रात्री फोन करायचा. फडावर रेंज नसायची तर तो भाऊ रस्त्यापर्यंत चालत यायचा. एकदा पेरणाऱ्याच्या दाखल्यावर आला, मार्क ४, आणि म्हणाला काका, खडकाळीवरचं बी लवकर उगवतं हे आम्हाला कोणी सांगायला नको, पहिल्या पावसाने हिरवंगार दिसतं, मग ऊन पडलं की दुबार पेरणी, माझं तसंच होतं, सभेत फार बरं वाटतं आणि इथे मुकादमाने शिवी दिली की सगळं करपून जातं. मी विचारलं मग तिसरी ओळ काय. थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग म्हणाला, उद्या तो बोलला तर मी उलट बोलणार नाही, तुम्ही सकाळी सहाला माझ्यासाठी प्रार्थना करा. मी त्या आठवड्यात रात्रपाळीत होतो, सहा वाजता ड्युटीवरच होतो, तिथेच केली.